जर्मनीत सायकल चालवताय? दारू, सिग्नल आणि दंडाचे नियम आधी समजून घ्या

शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत एक जुनी सायकल घेतोच. म्युन्स्टर, फ्रायबुर्ग किंवा ब्रेमेनसारख्या शहरात तर तिच्याशिवाय चालतच नाही. (हेच ते ब्रेमेन, ज्याच्या नावाचा चौक पुण्यात औंधला आहे.) सायकल घेताना किंमत, गिअर आणि कुलूप नीट पाहिले जाते. कायदा मात्र फार थोडे जण वाचतात. गावाकडची समजूत तशीच डोक्यात असते, की पोलीस अडवणार ते मोटरसायकलला, सायकलला कोण विचारतो?

ही समजूत आपल्याकडे फारशी चुकीची नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, पण ती मोटार वाहनासाठी. सायकलवर बेदरकारपणे जाऊन कुणाचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागू शकते, कारण त्यात कोणतेही वाहन येते. पण चौकात सायकलवाल्याच्या तोंडाला यंत्र लावलेले आपण कुणी पाहिलेले नसते. जर्मनीत ते लावतात. आणि पुढे जे घडते त्यात दंडाची रक्कम ही सर्वात किरकोळ गोष्ट असते. परवाना मिळण्यातली अडचण आणि सरकारी नोंदवहीतले नाव यांचा त्रास कितीतरी जास्त काळ पुरतो. म्हणून हा लेख पहिल्याच आठवड्यात वाचा. सायकल घेतली नसेल तर आणखी चांगले.

पायरी १ : आपले वाहन कायद्याच्या कोणत्या खणात बसते ते पाहा

साधी सायकल म्हणजे सायकल, त्यात प्रश्न नाही. विजेची सायकल असेल तर जरा थांबा. मोटर २५० वॉटपर्यंतची असेल, पायडल मारतानाच मदत करत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबत असेल, तर ती पेडेलेक. कायद्याने तिला सायकलच मानले आहे. जेवण पोहोचवण्याच्या कामाला मिळणाऱ्या बहुतेक विजेच्या सायकली याच प्रकारातल्या असतात.

ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत करणारी मात्र एस-पेडेलेक. ती मोटार वाहन आहे. तिला विम्याची पाटी, परवाना आणि हेल्मेट लागते, आणि सायकलमार्गावर ती चालवता येत नाही. कुणी मित्र स्वस्तात विकतोय म्हणून घेऊ नका, आधी कागद पाहा.

रस्त्याच्या कडेला ॲपवर भाड्याने मिळणारी उभी ई-स्कूटर हा सर्वात फसवा प्रकार. दिसायला खेळण्यासारखी असली तरी तीही मोटार वाहनच आहे. तिच्यावर ०.५ प्रोमिलला ५०० युरो दंड, एक महिना वाहनबंदी आणि दोन पॉइंट (चालकाच्या नावे सरकारी नोंदणीत चढणारे दोषगुण). वय २१ पेक्षा कमी असेल किंवा परवान्याचा परिवीक्षा काळ चालू असेल तर मर्यादा शून्य. पार्टीनंतर "सायकल नको, स्कूटरने जातो" असे म्हणणारा माणूस आगीतून फुफाट्यात जातो.

पायरी २ : तीन आकडे लक्षात ठेवा

इथे रक्तातले अल्कोहोल प्रोमिलमध्ये मोजतात, म्हणजे हजारात किती भाग. आपल्याकडची ३० मिलिग्रॅमची मर्यादा साधारण ०.३ प्रोमिल होते.

१.६ प्रोमिल. सायकलस्वारासाठी ही पक्की रेषा. हा आकडा कायद्याच्या पुस्तकात छापलेला नाही, तो न्यायालयांच्या निकालांतून ठरलेला आहे. (मोटारीसाठी तोच आकडा १.१ आहे.) १.६ झाले की तुम्ही सरळ रेषेत, दिवे लावून, नियम पाळून चालवत होतात का याला अर्थ उरत नाही. जर्मन दंड संहितेचे कलम ३१६ लागते : एक वर्षापर्यंत कैद किंवा आर्थिक दंड. हा वाहतुकीचा किरकोळ नियमभंग राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो.

०.३ प्रोमिल. ही रेषा बहुतेकांना माहीतच नसते. ०.३ पासून पुढे तुमच्या चालवण्यात नशेची खूण दिसली, म्हणजे सायकल झोकांड्या खात होती, वळण चुकले, सिग्नल तोडला, पडलात किंवा धडकलात, तर तेच कलम ३१६ लागू शकते. कुणाचा जीव किंवा कुणाची महागडी वस्तू धोक्यात आली असेल तर कलम ३१५ क येते, आणि तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

०.५ प्रोमिल. ही मर्यादा मोटार वाहनाची आहे, साध्या सायकलीला लागत नाही. त्यामुळे "सायकलवर १.६ पर्यंत चालते" असे वाक्य वसतिगृहात हमखास ऐकू येते. कृपा करून त्यावर विसंबू नका. १.६ पर्यंत चालते ते काहीही न घडल्यास, आणि एवढी दारू पोटात असताना काहीही न घडणे तुमच्या हातात नसते.

आता हे आकडे ग्लासात किती होतात ते पाहू, कारण त्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. अर्धा लिटर पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असते. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने ढोबळमानाने ०.४ प्रोमिल होतात, ५५ किलोच्या बाईच्या रक्तात ०.६ च्या आसपास. म्हणजे ०.३ ची रेषा एकाच ग्लासात ओलांडली जाते. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमधला मास हा एक लिटरचा असतो आणि तिथली बिअर सहा टक्क्यांच्या आसपास. एका मासात ४८ ग्रॅम, आणि त्याच ७० किलोच्या माणसाला जवळजवळ १ प्रोमिल. दुसरा मास संपेपर्यंत १.६ ची रेषा गाठली जाऊ शकते. पोट भरलेले आहे की रिकामे, किती वेळात प्यायलात, शरीर कसे आहे यावर आकडा खालीवर होतो, म्हणून हा हिशेब "अजून एक चालेल" हे ठरवायला वापरू नका.

उतरतानाचा वेग मात्र फार कमी असतो : तासाला साधारण ०.१ ते ०.२ प्रोमिल. रात्री दोनला १.६ असेल तर सकाळी आठच्या लेक्चरला निघताना अंगात अजून १ प्रोमिल असू शकते. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांनी झोप उडते, अल्कोहोल जात नाही.

गांजाबद्दलही विचारणा होते. एप्रिल २०२४ पासून प्रौढांना ठरावीक प्रमाणात तो बाळगता येतो, पण कलम ३१६ मध्ये दारूखेरीज इतर नशाही येतात. ओढून सायकल चालवली आणि चालवण्यात ते दिसले तर गुन्हा होतो.

पायरी ३ : घरातून निघतानाच परतीचे ठरवा

पहिला ग्लास हातात घेतल्यावर केलेला बेत टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून निर्णय निघतानाच घ्यायचा. पिणार असाल तर सायकल घरी ठेवा आणि शेवटची ट्राम किंवा रात्रीची बस कितीला आहे ते पाहून घ्या. सायकल नेलीच असेल तर ती तिथेच खांबाला बांधून या. रात्रभर उभी राहील की नाही ही काळजी वाटते, म्हणून आधीच चांगले कुलूप घ्या. लोकल गाडीत सायकल न्यायची तर बहुतेक ठिकाणी वेगळे तिकीट लागते आणि गर्दीच्या वेळी कधी कधी बंदी असते. डॉइचलांड-टिकीट (देशभरातल्या लोकल प्रवासाचा मासिक पास) असले तरी त्यात सायकलचे भाडे सहसा धरलेले नसते.

तिसरा मार्ग म्हणजे ढकलत नेणे. सायकल हातात धरून चालणारा माणूस कायद्याने पादचारी असतो, त्याला कलम ३१६ लागत नाही. पण उतार आला म्हणून "फक्त बसतो, पायडल मारत नाही" असे केले तर ते चालवणेच झाले.

ज्यांना रात्री उशिरा एकटीने ढकलत किंवा चालत जाणे सुरक्षित वाटत नाही, त्यांनी टॅक्सीचे पैसे वेगळे ठेवावेत. ते वीस-तीस युरो जड वाटतात हे मला ठाऊक आहे. पुढचा हिशेब वाचलात तर तितके जड वाटणार नाहीत.

पायरी ४ : पोलिसांनी थांबवले तर

थांबा, उतरा, शांत राहा. नाव, पत्ता, जन्मतारीख सांगणे बंधनकारक आहे. "किती प्यायलात? कुठून आलात?" या प्रश्नांना उत्तर देणे बंधनकारक नाही. "मला याबद्दल काही बोलायचे नाही" असे नम्रपणे म्हणता येते आणि त्याचा अर्थ गुन्हा कबूल केला असा धरता येत नाही. भाषा समजत नसेल तर तसे सांगा. फौजदारी प्रकरणात दुभाषी मिळण्याचा हक्क आहे. न कळलेल्या कागदावर सही करू नका.

रस्त्यावर यंत्रात फुंकणे ऐच्छिक आहे. सरळ रेषेत चालून दाखवणे, बोटाने नाकाला हात लावणे हेही ऐच्छिकच. मात्र संशयाला कारण असेल तर नकारानंतर रक्ततपासणी होते, आणि ती नाकारता येत नाही. रक्त डॉक्टरच काढतो. २०१७ पासून अशा प्रकरणात न्यायाधीशाच्या आदेशाचीही गरज उरलेली नाही. तिथे हिसका मारणे, ढकलणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. पोलिसाला शिवी देणे हाही. आपल्याकडे चिडून तोंडातून निघते तसे काही निघू देऊ नका, मराठीतूनसुद्धा नाही.

"काही जमवून घेऊ" असा सूर चुकूनही लावू नका. पैसे पुढे करणे हा सायकलपेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा आहे.

पायरी ५ : पुढे येणारी पत्रे ओळखा

काही आठवड्यांनी पत्रे येऊ लागतात. त्यांत पिवळे पाकीट असेल तर खास लक्ष द्या. टपालवाला पाकिटावर तारीख लिहून ते पेटीत टाकतो आणि त्या तारखेपासून मुदत सुरू होते. तुम्ही सुट्टीला पुण्याला गेला असलात तरी. त्यामुळे लांब जाताना पत्रपेटी पाहायला कुणाला तरी सांगून जा.

पहिले बहुतेक पोलिसांचे : तुमचे म्हणणे विचारणारे, त्याला आनहोरुंग म्हणतात. प्रकरणाबद्दल काही लिहिण्याची सक्ती नाही. वकिलाला दाखवण्याआधी काही लिहूही नका. दुसरे श्ट्राफबेफेल, म्हणजे न्यायालयाने सुनावणीशिवाय पाठवलेला शिक्षेचा आदेश. त्याविरुद्ध दोन आठवड्यांत आक्षेप नोंदवता येतो. मुदत गेली की तो निकालासारखाच पक्का होतो.

दंडाची रक्कम इथे दिवसांत मोजतात. एका दिवसाचा दर म्हणजे महिन्याच्या हातात येणाऱ्या उत्पन्नाचा तिसावा भाग. समजा ९०० युरोवर जगणाऱ्या विद्यार्थ्याला ३० दिवसांचा दंड झाला, तर दिवसाला ३० युरोप्रमाणे ९०० युरो, म्हणजे पूर्ण महिन्याचा खर्च. त्यावर रक्ततपासणी आणि न्यायालयाचा खर्च वेगळा. एकदम भरता येत नसेल तर हप्ते मागता येतात. गप्प बसलात तर त्या दंडाबदली तुरुंगात जावे लागते.

विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेकडे बऱ्याच ठिकाणी मोफत कायदेसल्ला मिळतो. उत्पन्न कमी असेल तर स्थानिक न्यायालयातून सल्लामदतीचे पत्रही मिळू शकते. हे दोन्ही रस्ते माहीत नसल्यामुळे मुले एकमेकांना विचारत बसतात आणि दोन आठवडे निघून जातात.

पायरी ६ : परवाना आणि नोंदवही यांचे परिणाम समजून घ्या

इथेच सर्वांना धक्का बसतो. १.६ प्रोमिल किंवा जास्त असताना कोणतेही वाहन चालवले, सायकलसुद्धा, तर परवाना कार्यालय एमपीयू मागते. ही वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी. तुम्ही मोटार चालवण्यास योग्य आहात का, हे त्यात पाहतात. संघीय प्रशासकीय न्यायालयाने २००८ साली सायकलस्वाराच्या प्रकरणात ही भूमिका मान्य केली आहे. तपासणीचा खर्च शेकड्यांनी युरो, तयारीच्या वर्गांचा त्याहून वेगळा, आणि काही महिने दारू घेतली नसल्याचे प्रयोगशाळेचे दाखले द्यावे लागू शकतात. तपासणी दिली नाही किंवा निकाल विरुद्ध गेला तर मोटारीचा परवाना जातो.

"माझ्याकडे जर्मन परवाना नाही, मग काय जाणार?" असे मनात येईल. भारतीय परवान्यावर, भाषांतर जोडून, इथे राहायला आल्यापासून सहाच महिने मोटार चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागतो. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी ती जुनी सायकलची नोंद समोर येते आणि एमपीयूची मागणी होते. वाहन उद्योगात काम शोधणाऱ्या अभियंत्याला याचा अर्थ सांगायला नको. आपली कितीतरी मुले त्याच कामासाठी श्टुटगार्ट आणि म्युनिकला येतात.

शिवाय शिक्षा केंद्रीय नोंदवहीत लिहिली जाते. नोकरीसाठी मागितल्या जाणाऱ्या चारित्र्यदाखल्यावर पहिलीच शिक्षा ९० दिवसांपर्यंतच्या दंडाची असेल तर ती सहसा येत नाही. नागरिकत्वासाठीही ९० दिवसांपर्यंतचा दंड साधारणपणे आड येत नाही. पण परदेशी नागरिकांचे कार्यालय आणि नागरिकत्व देणारे कार्यालय यांना पूर्ण नोंदवही पाहता येते. तेव्हा अर्जात शिक्षेबद्दल विचारले असेल तर खरे लिहा. लपवणे मूळ शिक्षेपेक्षा महाग पडते.

पायरी ७ : रोजचे दंड

दारूचा संबंध नसलेल्या गोष्टींतही पावती फाडली जाते. सर्वात जास्त नवखे लोक सापडतात ते लाल सिग्नलला, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सायकलसाठी वेगळा दिवा असेल तर तो पाहायचा, नसेल तर मोटारींचा. शेजारचा पादचाऱ्यांचा दिवा हिरवा आहे म्हणून निघालात आणि मोटारींचा लाल असेल, तर तुम्ही सिग्नल तोडला. दंड ६० युरो आणि एक पॉइंट. दिवा लाल होऊन एक सेकंदापेक्षा जास्त वेळ झाला असेल तर १०० युरो आणि एक पॉइंट. हे पॉइंट फ्लेन्सबुर्गच्या नोंदणीत जातात आणि तिथे आठ भरले की परवाना जातो. ६० युरो आणि त्यावरच्या दंडावर २८.५० युरो शुल्कही चढते, म्हणजे तो "साठ"चा सिग्नल ८८.५० ला पडतो. रेल्वेचे बंद फाटक ओलांडले तर ३५० युरो आणि दोन पॉइंट, आणि जीव गेला नाही तर.

मोबाइल हातात धरून चालवणे ५५ युरो. जेवण पोहोचवणाऱ्यांनी हँडलवर मोबाइलचा धारक लावून घ्यावा, पत्ता बदलायचा असेल तर कडेला उतरून बदलावा. फुटपाथवरून जाणे ५५ युरो. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना मात्र फुटपाथवरूनच जावे लागते, आणि सोबतचा सोळा वर्षांवरचा माणूस त्यांच्याबरोबर जाऊ शकतो. एकेरी रस्त्यावर किंवा सायकलमार्गावर उलट्या दिशेने जाणे २० युरो. पाटीखाली सायकलींना मुभा लिहिलेली असेल तर चालते. निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल दिसली की तोच मार्ग वापरायचा.

दिवा नसणे किंवा बंद असणे २० युरो, घंटी नसणे १५. ऑक्टोबर संपताना इथे साडेपाचला अंधार पडतो आणि त्याच दिवसांत पोलीस दिवे तपासायला उभे राहतात. बाजारातला कुठलाही लुकलुकता दिवा चालत नाही. त्यावर नागमोडी रेषा, मोठा के आणि क्रमांक असा मान्यतेचा शिक्का पाहून घ्या. जुनी सायकल घेताना दोन स्वतंत्र ब्रेक, मागे लाल आणि पुढे पांढरा परावर्तक, पायडलवर पिवळे परावर्तक आहेत का तेही पाहा. हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला.

डबलसीटची आपली सवय इथे सोडावी लागते. कॅरिअरवर मित्राला बसवले तर दंड पाचच युरो आहे, पण पडलात तर भरपाईचे भांडण मोठे होते. त्यासाठी, आणि एकूणच, खाजगी दायित्व विमा घेतलेला असू द्या. सायकलने कुणाची मोटार खरवडली किंवा कुणाला लागले तर तोच कामाला येतो. महिन्याला काही युरोंत मिळतो.

सीमेपलीकडे निघालात तर

शनिवार-रविवारी सायकलवर देश ओलांडणे इथे सहज होते, आणि आकडे तिथे बदलतात. बोडेन सरोवराला फेरी मारायला निघालेल्यांनी हे खास पाहावे, कारण एकाच फेरीत तीन देश लागतात. ऑस्ट्रियात सायकलस्वाराची मर्यादा ०.८ प्रोमिल आहे आणि तिथून वर दंड ८०० युरोंपासून सुरू होतो. स्वित्झर्लंडमध्ये ०.५. नेदरलँड्समध्येही ०.५, आणि तिथे जाणारे बहुतेक जण अॅमस्टरडॅममध्ये सायकल भाड्याने घेऊनच फिरतात. जर्मनीतला १.६ चा आकडा यांपैकी कुठेही सांगून उपयोग नाही.